अस्सल बरहुकूम

विषाणू पेशीला खातो, असं लोकांना वाटतं. तीस वर्षं शिकवून मी थकले, तरी दर वर्षी कुणीतरी पेपरात तेच लिहायचं आणि मी तांबड्या शाईनं काट मारायची. अरे, खायला त्याला तोंड कुठे आहे? तो आत शिरतो आणि एक मजकूर पुढे करतो. पेशीतला नकलनवीस तो मजकूर इमानेइतबारे उतरवून घेतो, आणि पुढचं सगळं घरचीच माणसं करतात.

हा नकलनवीस पाठ्यपुस्तकातला नव्हे, माझ्या घरातला. माझे वडील नागपुरात एका कोर्टात नकलनवीस होते. जुन्या खटल्याच्या फायलीतला एखादा कागद कुणाला हवा असला की तो अर्ज करायचा, आणि बाबा त्या कागदाची नक्कल हातानं लिहून द्यायचे. इंग्रजी कागदांना टाइपबाबू होता, मराठी कागद बाबांकडे. नकलेच्या शेवटी ते लिहायचे, 'अस्सल बरहुकूम नक्कल'. म्हणजे मुळात जसं आहे तसंच, काना-मात्रा न बदलता. त्याखाली त्यांची सही आणि शेजारी रुजवात घेणाऱ्याची. रुजवात म्हणजे अस्सल आणि नक्कल शेजारी-शेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडून पाहणं. हे काम नियमानं दुसऱ्या बाबूचं. पण यांच्या नकलेत काय चूक निघणार, असं म्हणत पलीकडच्या टेबलावरचा बाबू न बघताच सही ठोकायचा. बाबांना त्यात स्वतःचा गौरव वाटायचा, मलाही वाटायचा.

"नकलनवीसानं वाचाचं नसते," बाबा म्हणायचे. "वाचलं का डोस्कं चालते, डोस्कं चाललं का हात चुकते. आपण फक्त उतरवाचं."

मी तेव्हा विद्यापीठात पीएच.डी. करत होते. सत्तरचं दशक संपत आलं होतं. आई जाऊन चार वर्षं झाली होती आणि महाल भागातल्या दोन खोल्यांत आम्ही बापलेक राहत होतो. माझं काम जिवाणूंना होणाऱ्या विषाणूंवर होतं. प्रयोगशाळेत आम्ही त्यांना फेज म्हणायचो. आमचा फेज माझ्या मार्गदर्शक सरांनी शहरातल्याच एका नाल्याच्या पाण्यातून काढलेला होता, त्यामुळे तो अस्सल नागपूरकर होता.

फेज जिवाणूवर बसतो आणि आपला डीएनए आत सोडतो. त्यानंतर पहिली काही मिनिटं त्याच्या सगळ्या जनुकांच्या नाही, मोजक्याच जनुकांच्या नकला निघतात. नक्कल म्हणजे आरएनए, आणि ही मोजकी जनुकं म्हणजे आरंभीची जनुकं. माझा प्रश्न एवढाच होता की ही पहिली नक्कल काढतं कोण आणि किती मिनिटं काढतं. फेज तर हात हलवत येतो, नकलनवीस बरोबर आणत नाही. नक्कल काढणारं एन्झाइम असतं जिवाणूचं, त्याच्याच घरचं. त्या एन्झाइमला कुठून सुरुवात करायची हे डीएनएवरच्या काही ठरावीक अक्षरांवरून कळतं. फेजच्या आरंभीच्या जनुकांपुढे नेमकी तीच अक्षरं असतात, आणि घरच्या जनुकांपुढे असतात त्याहूनही सुबक. एन्झाइमला वाटतं, हे आपलंच काम. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा.

"त्या बिचाऱ्याले वाचता येते कुठं?" सर म्हणायचे. "सुरुवात ओळखीची दिसली का तो बसला उतरवाले. त्याचा काय दोष?"

दोष नसेल, पण फळ भोगावं लागतं. या पहिल्या नकलांवरून जी प्रथिनं बनतात त्यांतलं एक म्हणजे फेजचा स्वतःचा नकलनवीस. दुसरं एक असतं, ते घरच्या नकलनवीसाचे हात बांधून टाकतं. तुझं काम झालं, आता गप्प बस. हे सगळं होत असताना बाहेरून काही दिसत नाही. फ्लास्कमधला जिवाणूंचा गढूळ द्रव तसाच गढूळ असतो, जिवाणू तितकेच असतात, सूक्ष्मदर्शकाखाली ठणठणीत दिसतात. आणि मग अर्ध्या तासाच्या आत तो द्रव निवळू लागतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला तो बदल छान वाटला होता. गढूळ पाणी स्वच्छ झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात आतलं एकूण एक घर फुटलेलं असतं.

आता बाबांच्या डोळ्यांचं सांगायला हवं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होते. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, अजून पिकले नाहीत, थांबा. तेव्हा मोतीबिंदू फळासारखा पिकू द्यायची पद्धत होती. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. ऑफिसला कळलं असतं तर नकलनवीसाला दिसत नाही म्हणून बाबांना आधीच घरी बसवलं असतं. बाबांनी यावर आपला उपाय काढला. संध्याकाळी फाईल कापडी पिशवीत घालून घरी आणायची आणि सकाळी उजेड चांगला असताना मी वाचायचं, त्यांनी लिहायचं. स्वतःचं ठळक अक्षर त्यांना उन्हात दिसायचं. दुसऱ्याचं बारीक, विटलेल्या शाईचं अक्षर दिसत नसे. अस्सल कागद कोर्टाबाहेर नेणं हा गुन्हा होता, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण वर्षभर काही झालं नाही, आणि वर्षभर काही झालं नाही की माणसाला ती परवानगीच वाटू लागते.

मे महिन्यातल्या एका सकाळी बाबांनी पिशवीतून काटोलकडची एक फाईल काढली. संत्र्याच्या बगिच्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, झालेला एक जुना खटला होता, केव्हाच निकालात निघालेला. त्यातल्या एका कागदाची नक्कल हवी होती. 'घरगुती वाटणीची याद' असं वर लिहिलेलं. स्वातंत्र्याच्या आधीची तारीख होती. एका बापानं आपल्या दोन मुलांत कसं वाटप केलं, ते एका पानात होतं. धाकट्यानं गावातलं घर घेतलं, बगिच्यावरचा हक्क सोडला, बगिचा थोरल्याचा.

मी वाचत गेले, बाबा लिहीत गेले. कागद पिवळा होता, कडा खाल्लेल्या होत्या. आणि वाचता वाचता मला काहीतरी खटकलं. 'नाव', 'नाही', 'केले', 'पाच'. कुठेच अनुस्वार नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी मराठीत 'नांव', 'नाहीं', 'केलें', 'पांच' असं लिहीत. डोक्यावरचं हे टिंब बोलताना कुणी उच्चारत नसे, पण लिहावं लागे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला शुद्धलेखनाचे नियम बदलले आणि हे मुके अनुस्वार गेले. मी तेव्हा चौथीत होते. तिसरीत बाई अनुस्वार दिला नाही म्हणून छडी मारायच्या, चौथीत दिला म्हणून मारायच्या. त्यामुळे ते टिंब माझ्या तळहातानं लक्षात ठेवलं आहे. स्वातंत्र्याच्या आधीच्या म्हाताऱ्या माणसानं लिहिलेल्या कागदावर ते एकही नसावं, हे मला दिसलं. त्या क्षणी, स्वच्छ दिसलं.

"काहून थांबली वं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

कारण काय, तर बर्फ. आमचे प्रयोग तीस अंशांवर चालायचे, म्हणजे फेजची चाल संथ होते आणि मिनिटं मोजता येतात. इतर गावांत त्यासाठी पाणी तापवतात, नागपुरात मे महिन्यात ते गार करावं लागतं. मला त्या दिवशी नऊ वाजता कारखान्यातून बर्फाची लादी उचलायची होती, आणि उशीर झाला की गोणपाटात नुसता भुसा उरायचा. म्हटलं असेल कुणी म्हातारा अनुस्वाराचा कंटाळा करणारा. मी पुढे वाचू लागले.

लिहून झाल्यावर रुजवातही मीच घेतली. बाबांची नक्कल हातात घेतली आणि पाहिलं तर प्रत्येक 'नांव' वर टिंब, प्रत्येक 'नाहीं' वर टिंब. मी बोलले ते त्यांनी कानांनी ऐकलं होतं, आणि त्यांचा हात जुन्या शाळेतला. ऐकलेला शब्द तो जुन्याच वळणानं उतरवणार. अनुस्वार ऐकू येत नाही, त्यामुळे मुळात तो नव्हता हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. मला कळलं होतं. आणि मला काय वाटलं सांगू? वाटलं, बाबांनी कागद कसा नीटनेटका केला. अस्सलपेक्षा नक्कल बरी दिसत होती. मी म्हटलं, "बरोबर आहे," आणि सायकल काढली.

बाबांनी सही केली. ऑफिसात पलीकडच्या बाबूनंही केली.

त्या उन्हाळ्यात माझा प्रयोग जमला. रिफाम्पिसिन नावाचं क्षयावरचं औषध आहे, ते जिवाणूच्या नकलनवीसाला बरोबर अडवतं. फेज सोडला त्याच क्षणी ते घातलं तर काहीच होत नाही, फेजचा मजकूर नुसता पडून राहतो. मी ते एकेका मिनिटाच्या अंतरानं घालून पाहिलं. पहिल्या मिनिटाला घातलं, जिवाणू वाचले. तिसऱ्याला घातलं, बरेच वाचले. सहाव्या मिनिटानंतर घातलं तर द्रव ठरल्या वेळी निवळला. तोवर फेजचा स्वतःचा नकलनवीस तयार झालेला असतो आणि त्याला हे औषध लागूच पडत नाही. वरातीमागून घोडं. सर खूश झाले. "तुले तुह्या थिसिसचं वाक्य भेटलं," ते म्हणाले. "सहा मिनिटांनंतर उपाय नाही."

वहीत आणखी एक ओळ होती. सहाव्या मिनिटाच्या नळीतही थोड्या पेशी जिवंत राहिल्या होत्या, दर वेळी. सगळ्या पेशींत फेज एकदम शिरत नाही, काहींत उशिरा शिरतो, त्या वाचतात. आम्ही त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. आलेख सुंदर दिसत होता.

दिवाळीच्या आगेमागे, आंबिया बहराची संत्री बाजारात आली तेव्हा एक बाई घरी आल्या. साठीच्या आसपास असतील, नऊवारी, पायांत टायरच्या चपला, काटोलच्या बसचा धुराळा अंगावर. कोर्टात कुणीतरी बाबांचं घर सांगितलं होतं. त्या यादेतल्या धाकट्या मुलाची ही विधवा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, आणि अर्धा बगिचा ती स्वतः राबून सांभाळत होती. आता थोरल्या दिरानं दावा लावला होता की तिचा त्यावर हक्कच नाही, बापानं तसं लिहून ठेवलं आहे. पुरावा म्हणून बाबांच्या हातची नक्कल जोडली होती.

"बाबूजी, मले तो अस्सल कागद पाहाचा हाये," बाई म्हणाल्या. "माह्या सासऱ्यानं असं काई लिवलं असतं तं मले मालूम नसतं काय? तीस वर्सं त्याच्या ताटात भाकर वाढली म्या."

"रेकॉर्डात अर्ज करा बाई," बाबा म्हणाले. "पाहाले भेटते."

"केला ना जी. ते म्हणते, फाईलीत कागदच नाई. गहाळ झाला म्हणते. आता फक्त तुमची नक्कल राह्यली."

मी चहा करायला आत गेले आणि स्टोव्हला पंप मारता मारता माझे हात थांबले. तो कागद खोटा होता. जुन्या वहीतलं कोरं पान फाडून कुणीतरी हल्लीच लिहून फायलीत सारला होता. आणि हे जगात दोघांनाच माहीत होतं, लिहिणाऱ्याला आणि मला.

बाई चहा पिऊन उठल्या. जाताना बाबांच्या पायाशी वाकू लागल्या, ते मागे सरले.

मला त्या रात्री झोप लागली नाही, असं लिहायला हवं. खरं म्हणजे मी छान झोपले. आठ दिवस मी गप्प राहिले, आणि रोज स्वतःला नवं कारण सांगितलं. मग बाबांना साक्षीचं समन्स आलं. अस्सल नाही, तेव्हा नक्कल करणाऱ्यानंच येऊन सांगायचं की ही अस्सल पाहून केली. समन्स मीच त्यांना वाचून दाखवलं, आणि त्याच बैठकीत अनुस्वारांचं सांगितलं.

त्यांनी आपली बोटं डोळ्यांजवळ नेली. दिसत तर नव्हती नीट.

"म्हंजे मी त्याले जुना केला," ते म्हणाले.

"तुम्ही नाही, बाबा. मी सांगितलं नाही."

"हात त माहाच ना." मग म्हणाले, "आता मी काय करू? खरं सांगतो म्हटलं तं सांगा लागन का डोये गेले, फाईल घरी नेत होतो, पोरगी वाचून राहिली होती. नोकरी जाईन, पेन्शन जाईन, केसही होईन. होऊ दे. पण बाईचा बगिचा वाचत असंन तं मी सांगतो. तू शिकलेली हायेस. तूच सांग, फायदा हाये काय?"

आयुष्यात त्यांनी मला एवढा मोठा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता, आणि ते माझ्या उत्तरावर चालणार होते.

मी म्हणाले, "उशीर झाला, बाबा. अस्सल नाही. आपल्या शब्दाला पुरावा नाही. आता सांगून बाई वाचणार नाहीत, तुम्ही मात्र जाल." आणि मग मी त्यांना माझा प्रयोग समजावून सांगितला. सहा मिनिटांचा. घरच्या नकलनवीसाकडून एकदा नक्कल निघाली की नंतर त्याला अडवून उपयोग नसतो, हे मी मोजलेलं आहे, असं सांगितलं. चांगलं समजावलं. मी पुढे शिक्षिका झाले त्यात नवल नाही.

सहाव्या मिनिटालाही वाचणाऱ्या पेशींबद्दल मी त्यांना सांगितलं नाही. वहीतली तेवढी ओळ मी गाळली.

"तुले असं वाटते?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. मला माझे बाबा घरात हवे होते, कोठडीत नको होते. आणि विद्यापीठात माझं नाव निघायला नको होतं. हेही होतं, ते का लपवू?

साक्षीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले. पायऱ्या मोजत त्यांना वर नेलं, कुणाला कळू दिलं नाही. ते पिंजऱ्यात उभे राहिले. दिराचे वकील जुने, मुरलेले होते. नक्कल हातात देऊन त्यांनी विचारलं, अक्षर तुमचं? हो. सही तुमची? हो.

"अस्सल कागद स्वतः पाहून केली?"

बाबांनी मान माझ्या बाजूला वळवली. मी कुठे बसले होते ते त्यांना दिसणं शक्य नव्हतं. तरी वळवली.

"अस्सल बरहुकूम," ते म्हणाले.

बाईंचे वकील तरुण होते. त्यांनी विचारलं, हा कागद तुम्हाला आठवतो का? बाबा म्हणाले, नकलनवीस वाचत नाही. कोर्टात थोडं हसू पिकलं.

मग मुरलेले वकील पुन्हा उठले आणि न्यायाधीशांपुढे नक्कल धरली. म्हणाले, हा कागद अलीकडे बनवला असा आरोप आहे. साहेबांनी लेखन बघावं. 'नांव', 'नाहीं', 'केलें', 'पांच'. आजचा कुणी बनावट लिहायला बसला असता तर त्यानं आजच्या नियमानं लिहिलं असतं. नकलनवीसांनी अक्षर न अक्षर मुळाप्रमाणे उतरवलं, म्हणून मुळाचं वय आज आपल्याला दिसतं आहे. न्यायाधीशांनी चष्मा सावरला, कागद जवळ घेतला आणि काहीतरी टिपून घेतलं.

अस्सल कागद का नाहीसा झाला ते मला तिथे, त्या बाकावर बसल्या बसल्या कळलं. अर्ज करणाऱ्याला नक्कल मिळाली तेव्हा त्यानं ती आपल्या बनावट कागदाशेजारी ठेवून पाहिली असणार. आपली चूक काय झाली ते त्याला बाबांच्या टिंबांनी शिकवलं. नक्कल त्याच्या अस्सलपेक्षा अस्सल होती. मग तो मूळ कागद त्याला ठेवून करायचा काय? त्या नकलेची खरी रुजवात कुणी घेतली असेल तर ती त्या चोरानं घेतली. मला संताप आला, त्याच्यावर कमी, स्वतःवर जास्त. उठून ओरडावंसं वाटलं. मी उठले नाही.

निकाल उन्हाळ्याच्या तोंडी लागला. नकलनवीसानं जे होतं तेच उतरवलं, असं न्यायाधीशांनी निकाल वाचताना म्हटलं. बाई हरल्या. त्यांचे वकील म्हणाले, वरच्या कोर्टात जाऊ, पण निकालाची नक्कल काढा आधी.

त्या आठवड्यात मी बाबांचा डबा द्यायला कोर्टात गेले होते. व्हरांड्यात, नकलखान्याच्या दाराशी बाई उभ्या होत्या. हातात अर्ज होता. आतला बाबू त्यांना सांगत होता की दुसऱ्या एका बाबूकडे काम कमी आहे, त्यांच्याकडे दिलं तर लवकर होईल. बाई ऐकायला तयार नव्हत्या. बाबा दारात आले तसा त्यांनी अर्ज थेट त्यांच्या पुढे धरला.

"मले तुमच्याच हातची पायजे, बाबूजी. हे लोकं काईबाई लिवते. तुम्ही जे असते तेच लिवता, साहेबानं भर कोर्टात सांगतलं."

बाबांनी अर्ज घेतला नाही. मी पुढे होऊन त्यांचा हात धरला. जे त्यांनी ऑफिसात वर्षभर जिवाच्या आकांतानं लपवलं, साक्षीत लपवलं, ते बाबा त्या व्हरांड्यात, चार बाबू ऐकत असताना, मोठ्यानं बोलले.

"बाई, माहे डोये गेले. मले दिसत नाही."

बाईंनी पुढे धरलेला अर्ज खाली घेतला. मला वाटलं, आता समजलं त्यांना. आता त्या विचारतील, मग तो कागद तुम्ही पाहिला कसा? खरं सांगते, त्यांनी विचारावं असं मला वाटत होतं.

"डोयाचं काय घेऊन बसले, बाबूजी," त्या म्हणाल्या. "तुमची पोरगी हाये ना. ते वाचन, तुम्ही लिवा. पोरगी काय खोटं वाचन थोडीच?"

आणि त्यांनी तो अर्ज माझ्या हातात दिला.